संवेदनावाचक शब्दांची ओळख

चौथीच्या मुलांना वर्णनातील संवेदनावाचक शब्द अधोरेखित करण्यास सांगितले, तर पुष्कळदा पहिली रेघ ‘सुंदर’ या शब्दाखाली पडते. अशा वेळी रागावू नये. ‘हे तुला कशाने कळले?’ एवढेच विचारावे. ‘खरखरीत’ त्वचेला कळते, ‘कुबट’ नाकाला, ‘खळखळ’ कानाला. ‘सुंदर’साठी मूल ‘डोळ्यांनी’ म्हणेल. मग ‘डोळ्यांना नेमके काय दिसले?’ असे विचारावे. तेव्हा ‘पिवळाधमक’, ‘हिरवेगार’ असे शब्द येऊ लागतात आणि ‘सुंदर’ हा आपला अभिप्राय होता, हे त्याला उमगते. ‘खवट’पाशी वर्ग अडेल: नाक की जीभ? दोन्ही. येथे घाई करू नये; पंचेंद्रियांचा तक्ता उद्या भरला तरी चालेल. खवट खोबऱ्याचा तुकडा मात्र आजच हुंगायला द्यावा.