दुभती मेंढी आणि तेलबियांचा हिशेब

दुभत्या जनावराला पेंड घालावी हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण का, असे विचारले तर 'दूध वाढते' यापलीकडे उत्तर मिळत नाही. पेंडेतले तेल जनावराच्या पोटात काय करते आणि मेंढीला ते परवडते का, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. लेखक वाणिज्य शाखेचा असल्याने शेवटी हिशेबावर घसरणार, हे वाचकांनी गृहीत धरावे.

आम्ही राहतो त्या हरणीपासून आणंदची वाट दूर नाही. त्या वाटेच्या पुढे कणजरीस अमूलचा पशुखाद्य कारखाना आहे. ३१ ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आदली रात्र त्यांनी अजरपुरा गावी शेतकऱ्यांत काढली होती. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले. पण हा सारा खटाटोप गाईम्हशींसाठी. मेंढी त्यात आलीच नाही. वास्तविक गुजरातची पाटणवाडी मेंढी दुधासाठीही नावाजलेली आहे. गाईच्या दुधात स्निग्धांश साधारण चार टक्के, तर मेंढीच्या दुधात सहा-सात. फ्रान्सचे रॉकफोर आणि इटलीचे पेकोरिनो ही चीजे याच दुधाची.

आता पोटाकडे वळू. मेंढी रवंथ करणारी. तिच्या पहिल्या कप्प्यात असंख्य जंतू कडबा-पाला कुजवून पचवतात. वनस्पतींची तेले बहुतांशी असंतृप्त असतात आणि ती जास्त झाली की हेच जंतू मरतात. मग चारा पचत नाही आणि तेल घालून दूध घटण्याची पाळी येते. म्हणून एकूण कोरड्या आहारात स्निग्धांश सुमारे सहा टक्क्यांच्या आत ठेवतात. बेताने दिले तर मात्र जवस, करडई, सूर्यफूल यांच्या तेलाने दुधातली चरबीच बदलते: संतृप्त भाग घटतो, असंतृप्त वाढतो. दाणा अख्खा किंवा भरडून दिल्यास तेल हळूहळू सुटते. जंतूंना ते सोसते.

या दृष्टीने जुना बैलघाणा शहाणा म्हणावा लागेल. त्याच्या पेंडेत बरेच तेल मागे राहत असे. सॉल्व्हंट कारखान्याच्या पेंडेत जेमतेम एक टक्का उरते. प्रथिने भरपूर, तेल नाममात्र. दोन्हींना आपण 'पेंड'च म्हणतो!

करडई, म्हणजे आमच्या कन्नड विभागातील मित्रांची 'कुसुबे', आणि मेंढी यांची गाठ फलटणला पडते. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली स्थापलेल्या संस्थेने करडईचे वाण काढले आणि दख्खनी मेंढीत बंगालच्या गरोळ मेंढीचा जुळी देणारा गुणही आणला. जुळी झाली की प्रश्न दुधाचाच. एका आईच्या सडांवर दोन तोंडे. दूध कमी पडले की दुबळे कोकरू दगावते.

आता हिशेब. समजा, मेंढी दिवसाला दीड किलो कोरडा आहार घेते. त्यात तीन टक्के जादा तेल म्हणजे ४५ ग्रॅम. शंभर मेंढ्यांना रोजचे साडेचार किलो आणि नव्वद दिवसांचे ४०५ किलो. बाजारभावाने खाद्यतेल घेऊन हे कोणत्याही मेंढपाळाला झेपणारे नाही. गाईम्हशीचे दूध संघ फॅटवर घेतो. मेंढीच्या दुधाला सहसा तसा गिऱ्हाईकच नसतो. तेव्हा जमेची बाजू कोकराच्या वजनात शोधावी लागते. जुळी झालेल्या मेंढ्या शंभरात वीस धरल्या आणि विल्यानंतरचे दोनच महिने जादा खुराक दिला, तर तेलाचा आकडा ५४ किलोंवर येतो. तोही तेलाच्या डब्याने नव्हे, सरकीने किंवा घाण्याच्या पेंडेने भागवता येतो. सरकीत तेल पाचव्या हिश्शाच्या आसपास असते. म्हणजे माणशी नव्हे, मेंढीशी रोज पाव किलोच्या आत.

पेंड घेताना ती घाण्याची की सॉल्व्हंटची, हे विचारावे. भुईमुगाची असेल तर हातात घेऊन वास पाहावा. बुरशीचे विष दुधात उतरते.