रेडिएटरची झडप अडकते तेव्हा

जबलपूरलगतच्या महाराजपुर येथे पौषातील रात्री पारा 10 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो. तेवढ्या थंडीस रजई पुरते. फार तर शेगडी पेटवतात (बंद खोलीत मात्र ती कदापि ठेवू नये). नळांतून गरम पाणी खेळवून घर उबदार राखण्याची गरज इकडे पडत नाही. परंतु इकडच्या मराठी घरांतील मुले-मुली आता शिक्षणासाठी व नोकरीसाठी जर्मनी, इंग्लंड अशा देशांत जातात, आणि पहिल्याच हिवाळ्यात घरी फोन येतो, “आई, शेजारची खोली तापते, माझी तापतच नाही.” अशा वेळी दोष बहुधा एका लहानशा झडपेत असतो.

त्या देशांतील पुष्कळ घरांत बॉयलरमध्ये तापलेले पाणी पंपाच्या साहाय्याने खोलीखोलीतील रेडिएटरांतून, म्हणजे धातूच्या पोकळ पेट्यांतून, फिरते. रेडिएटरच्या एका टोकास 1 ते 5 आकडे कोरलेली मूठ असते. डेन्मार्कमधील मॅड्स क्लाउसेन यांनी 1943 मध्ये शोधून काढलेली ही स्वयंनियंत्रित झडप होय. मुठीच्या पोटात मेण अथवा द्रव भरलेली डबी असते. खोलीतील हवा तापली की तो पदार्थ प्रसरण पावतो, खालची पिन दाबतो आणि पाण्याची वाट अरुंद होते. हवा गार झाली की तो आकुंचन पावतो व स्प्रिंग पिनेला पुन्हा वर उचलते.

मेणाचा हा गुण घरीही पाहता येतो. वितळलेले मेण वाटीत काठोकाठ ओतून थिजू द्यावे. मध्यभागी खळगा पडलेला दिसेल. वितळताना मेण सुमारे 10 ते 15 टक्के फुगते, थिजताना तितकेच आटते. बर्फाचे याच्या नेमके उलट असते.

यावरून एक गैरसमज दूर व्हावा. मूठ 5 वर फिरविल्याने खोली लवकर तापत नाही. 3 हा आकडा साधारणपणे 20 अंशांचा असतो; 5 वर ठेवल्यास तेथवर पोहोचण्यास जवळजवळ तितकाच वेळ लागतो, मात्र पुढेही तापणे चालूच राहते आणि इंधनाचे बिल वाढते.

आता मूळ तक्रारीकडे वळू. उन्हाळाभर मूठ बंद राहिल्यास पिन दाबलेल्या स्थितीत महिनोन्‌महिने पडून राहते. क्षार व गंज यांमुळे ती तेथेच चिकटते. शरदात मूठ उघडली तरी पिन वर येत नाही. इतर रेडिएटर तापलेले, त्यांचे नळही गरम, आणि हा एकच थंड, हे या दोषाचे लक्षण. मूठ 5 वर आणून तिचे कडे सोडवावे व ती उतरवावी. (यात पाणी बाहेर येत नाही.) उघडी पडलेली पिन चपट्या धातूच्या कडेने हलकेच दाबावी. ती काही मिलिमीटर आत जाऊन स्वतःहून उसळली पाहिजे. न उसळल्यास झडपेच्या बाजूवर लाकडाने हलके ठोके द्यावेत आणि पुनःपुन्हा दाबावे. पक्कडीने मात्र ती ओढू नये. पिन निघून आल्यास तप्त पाण्याची चिळकांडी उडते आणि हात भाजतो. भाड्याच्या घरात तर घरमालकास कळवून कारागीर बोलाविणेच बरे.

पिन मोकळी असूनही खोली थंड राहिली तर मुठीवर पडदा पडला आहे काय, ते पाहावे. पडद्यामागे कोंडलेली ऊब मूठ खोलीचीच समजते व वेळेआधी वाट बंद करते. रेडिएटर वर थंड व खाली गरम असल्यास आत हवा साचलेली असते. ती वरच्या बाजूच्या लहान स्क्रूने सोडतात. वर गरम व खाली कोमट असणे हा बहुधा दोष नव्हे. खोली पुरेशी तापली की झडप पाणी कमी करते, त्याचीच ती खूण होय.

याउलट मूठ 1 वर असूनही रेडिएटर कढत राहिल्यास डबी फुटून आतील द्रव गळाला असण्याचा संभव असतो. मग पिन दाबणारे कोणी उरत नाही आणि झडप उघडीच राहते. अशी मूठ दुरुस्त करीत बसू नये, बदलावी. पिन चिकटू नये म्हणून उन्हाळ्यात बॉयलर बंद असताना मूठ पूर्ण उघडी, 5 वर, ठेवून द्यावी.