डेटा सेंटर : आधी भार मोजा, मग भिंत बांधा

व्यापारी बंधूंनो, जीएसटी आल्यापासून आपल्या वह्या संगणकात गेल्या. हे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळणे बंधनकारक आहे. म्हणून नांदेड-लातूरच्या काही दुकानदारांनी मिळून लहानसे डेटा सेंटर काढायचे म्हटले, तर हिशेब कसा मांडावा, ते पाहू.

१) भार : आपण गोदाम गाठींवर मोजतो, डेटा सेंटर किलोवॅटवर मोजतात. पनवेलजवळ २०२० साली सुरू झालेल्या योट्टाच्या केंद्राची क्षमता ७,२०० रॅक व ५० मेगावॅट अशी जाहीर झाली. भागाकार केला, तर रॅकमागे सुमारे ७ किलोवॅट पडतात. आपल्याला ४ किलोवॅटचे २ रॅक, म्हणजे ८ किलोवॅट धरू.

२) गारवा : यंत्रात गेलेल्या विजेची अखेर उष्णताच होते. १ टन वातानुकूलन सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता ओढते. यूपीएसची उष्णता धरून आपली गरज पावणेतीन टनांच्या आसपास येते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात यंत्राची ताकद घटते, म्हणून ४ टन घ्यावे, आणि तेवढेच दुसरे राखीव ठेवावे. एक बंद पडले की दुसऱ्याने काम उचलावे.

३) वीज : यंत्रे ८, गारवा ४ आणि यूपीएसची घट व दिवे १, मिळून १३ किलोवॅट. दिवसाला ३१२ युनिट होतात. वीज गेल्यापासून जनरेटर चालू होईपर्यंतचा वेळ यूपीएसने भरून काढायचा. मोटरचा सुरुवातीचा झटका धरून २५ केव्हीएचा जनरेटर बरा.

४) पाणी : मोठी केंद्रे पाण्याची वाफ करून गारवा मिळवतात. १ मेगावॅट उष्णता अशी घालवायची, तर दिवसाला सुमारे ३५ हजार लिटर पाणी उडते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या पहिल्या रेल्वेने ५ लाख लिटर पाणी आणले होते. ते अशा केंद्राला दोन आठवडेच पुरले असते. आपल्या भागात पाणी न लागणारी, हवेवर थंड होणारी यंत्रेच घ्यावीत, वीज थोडी जास्त लागली तरी.

५) जागा : ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप विसरू नये. रॅक जमिनीला बोल्टने पक्के करावेत. नांदेडात गोदाकाठचा सखल भाग आणि तळघर टाळावे. हिशेबाची दुसरी प्रत दूरच्या शहरात असलीच पाहिजे. दोन्ही प्रती एका छताखाली म्हणजे एकच प्रत.

वायरिंग व जागा पाच वर्षांनंतरच्या गरजेची करावी, यंत्रे मात्र आजच्या गरजेपुरती घ्यावीत. न विकलेला माल जसा भांडवल अडवतो, तसा रिकामा रॅकही अडवतो. आणि सर्वांचा मिळून एक रॅकही भरत नसेल, तर बांधकामात पडूच नये. मोठ्या केंद्रात जागा भाड्याने घ्यावी, तेच फायद्याचे.