रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळ्या बंद?

ताईंनो, मागच्या महिन्याच्या बैठकीत चार महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या एका ताईंनी रिपोर्ट पुढे केला. "रक्तातलं कॅल्शियम ९.२ आलंय, नॉर्मल आहे म्हणतात. आता दवाखान्यातल्या गोळ्या बंद करू ना?" कर्जाचे हप्ते गोळा करण्याच्या घाईत मी अर्धवटच उत्तर दिलं. आज नीट सांगते.

आपल्या गटाचा हिशेब आठवा. हातात थोडी रोकड, बाकी सगळं बँकेत. कॅल्शियमचंही तसंच. सुमारे ९९ टक्के हाडांत नि दातांत, रक्तात अगदी थोडं. पण हृदयाचे ठोके आणि स्नायूंची हालचाल त्या थोड्यावरच चालते. म्हणून शरीर ते १०० मिलिलिटर रक्तात साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम एवढंच राखतं.

राखण करणारे बसलेत गळ्यात. थायरॉईड ग्रंथीत 'सी' नावाच्या पेशी असतात. रक्तात कॅल्शियम वाढलं की त्यांना ते कळतं आणि त्या कॅल्सिटोनिन नावाचं संप्रेरक सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम निघणं रोखतं. कॅल्शियम उतरलं की ह्या पेशी हात आखडतात. मग थायरॉईडच्या मागे चिकटलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉईड ग्रंथी कामाला लागतात आणि हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतात. खरं तर मोठ्या माणसात जास्त भार ह्या चौघींवरच असतो. थायरॉईड पूर्ण काढलं तरी कॅल्सिटोनिन बाहेरून द्यावं लागत नाही. पण ऑपरेशनमध्ये ह्या चौघींना इजा झाली तर ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात. तसं झालं तर थांबू नका, लगेच डॉक्टरांना गाठा.

तर ९.२ हा आकडा हातातल्या रोकडीचा. बँकेतून किती गेलं ते त्यात दिसत नाही, आणि अंगावर पाजताना तर रोजच काढणं चालू असतं.

म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. गरोदरपणी १४ व्या आठवड्यापासून ते बाळंतपणानंतर ६ महिने, ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून २ वेळा, जेवणासोबत. लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, २ तास जाऊ द्या. थायरॉईडची गोळी चालू असेल तर ४ तास. मुतखड्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

शिवाय नाचणीची भाकरी आहेच, १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. आणि दूध डेअरीला घालताना निदान एक तांब्या स्वतःसाठी मागे ठेवा. हे मी प्रत्येक गटात सांगते, आणि प्रत्येक गटात सगळ्या हसतात.