रानातली अळंबी



पावसाने जोर धरला, मग दोन-चार दिवस ऊनपाऊस सुरू झाला, की आपल्या कोकणात माणसे पहाटेच टोपली घेऊन रानात जातात. कुठे, ते कुणी सांगत नाही. अळंबीची जागा म्हणजे घराचे गुपितच! आजी ती नातवंडांना दाखवते, शेजाऱ्यांना नाही. पण शिजल्यावर वाटीभर शेजारी मात्र जातेच. श्रावणात मटण-मासळी बंद असते, तेव्हा ओले खोबरे घातलेली अळंबी म्हणजे सणच. काही बायका पानांत बांधून ती रस्त्याच्या कडेला विकतात. तेवढाच घरखर्चाला हातभार लागतो.

अळंबी ही वनस्पती नव्हे, बुरशी आहे. तिच्यात हरितद्रव्य नसते, म्हणून ती स्वतःचे अन्न तयार करीत नाही. आपली आवडती अळंबी वारुळावर येते, कारण तिची शेती वाळवी करते! वाळवी सुका पाला व लाकूड खाते आणि विष्ठेचे पोळ्यासारखे वाफे वारुळात रचते. त्यावर बुरशी वाढते. बुरशीने मऊ केलेले लाकूड वाळवी पुन्हा खाते. पावसात हीच बुरशी लांब दांडा काढून जमिनीवर छत्री उघडते. बाजारातली पांढरी अळंबी माणूस खोलीत पिकवतो, पण वारुळावरची अळंबी त्याला अजून तशी पिकवता आलेली नाही.

म्हणून वारूळ फोडले तर शेतकरी गेला आणि शेतही गेले. नागपंचमीला आपण वारूळ पूजतो, त्या दिवशी जमीन खणत नाही. माझी आजी म्हणते, वारुळापाशी ही रीत बारा महिने पाळावी. ती सगळी अळंबी काढत नाही, काही उमललेल्या छत्र्या ठेवते. त्यांतून बीजाणू उडतात.

आता माझी चूक सांगतो. गेल्या पावसात मी व धाकटा भाऊ गोठ्यामागून पांढऱ्या छत्र्या घेऊन आलो. दिसायला अगदी तशाच! आई चिरायला बसली होती. आजीने एक छत्री उलटीसुलटी करून पाहिली आणि सगळी टोपली उकिरड्यावर ओतली. भाऊ रडायला लागला. आजी म्हणाली, "जेची वळख नाय, ता पोटात नाय."

ते खरेच आहे. लसूण काळी पडली तर विषारी, किड्याने खाल्ली तर चांगली, असल्या परीक्षा खोट्या आहेत. काही विषे शिजवूनही जात नाहीत. सर्वांत घातक विषाचा त्रास सहा-बारा तासांनी सुरू होतो, मध्येच बरे वाटते, आणि आत यकृत निकामी होत जाते. २०२२ च्या एप्रिलमध्ये आसामात रानअळंबी खाऊन अनेक माणसे दगावली. खाल्ल्यावर उलट्या-जुलाब झाले तर घरी थांबू नका. उरलेली अळंबी बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठा.

मित्रांनो, ही ओळख पुस्तकातून येत नाही. या पावसात आपल्या आजी-आजोबांबरोबर रानात जा आणि विचारून घ्या.

सांगा पाहू :
१) अळंबी स्वतःचे अन्न का तयार करीत नाही?
२) वारूळ का फोडू नये?

— इयत्ता ७ वीचा विद्यार्थी