आधी मन, मग अक्षर

आपल्या खेड्यांतील कित्येक मुले शाळेत नाव घातल्यावर थोड्याच दिवसांत येईनाशी होतात. पटावर नाव असते, परंतु जागा रिकामी असते. मग "मूल मठ्ठ आहे," अथवा "आईबापांस शिक्षणाची किंमत नाही," असे म्हणून आपण मोकळे होतो. ह्या पाठात आम्हांस निराळा विचार आपणांपुढे ठेवावयाचा आहे. तो हा की, जेथे मुलाला भय वाटते किंवा आपण परके आहो असे वाटते, तेथे त्याची बुद्धी उमलत नाही. आधी मन निर्भय झाले पाहिजे. अक्षर त्यामागून येते.

१. कोसबाडचे उदाहरण

गिजुभाई बधेका ह्यांनी १९२० साली भावनगर येथे बालमंदिर काढले. ताराबाई मोडक त्यांस जाऊन मिळाल्या, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. परंतु गरिबांच्या मुलांचे काय, हा प्रश्न ताराबाईंस स्वस्थ बसू देईना. म्हणून १९४५ साली त्या डहाणू तालुक्यातील बोर्डी गावी गेल्या; अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस आल्या. १९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली लोकांच्या वस्तीत गेले.

जमीनदार व सावकार ह्यांच्या वेठीखाली हे लोक पिचलेले होते. बाहेरून आलेल्या माणसाचे त्यांस भय वाटावे हे स्वाभाविकच होते. शिवाय मोठ्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे, आणि मुलगा गुरांमागे रानात असे. ह्या दोघी बायांनी मुलांस दोष दिला नाही. अडचण कोठे आहे ते पाहिले. मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात नेली, हीच अंगणवाडी. धाकटे भावंड सोडवत नाही, तर पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणली, ही विकासवाडी. गुरे सोडवत नाहीत, तर शिक्षकच कुरणात गेले, ही कुरणशाळा. महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, खडे व शिंपले घेतले. आपल्या रानातली ओळखीची वस्तू हाती आली म्हणजे मुलाला शाळा परकी कशी वाटेल? पुढे १९७५ साली सरकारने काढलेल्या बालविकास योजनेतील केंद्रांसही अंगणवाडी हेच नाव मिळाले.

२. शिक्षकांनी काय करावे

(अ) मुलाला चारचौघांत लाजवू नये. मळके कपडे, तोतरे बोलणे, बापाचे व्यसन, ह्यांचा वर्गात उच्चार झाला की ते मूल दुसऱ्या दिवशी येत नाही. सांगावयाचे ते एकांतात व मायेने सांगावे.

(आ) मूल रागावले, रडले, तर "गप्प बस" म्हणण्यापूर्वी "तुला राग आला काय? काय झाले?" असे विचारावे. मनातले दुःख ज्याला शब्दांत सांगता येते, त्याचा हात दुसऱ्यावर सहसा उठत नाही.

(इ) पाणी भरणे, अंगण झाडणे, पाट्या वाटणे ही कामे पाळीपाळीने सर्वांस द्यावी. एकत्र काम केल्याने मुले एकमेकांस सांभाळून घ्यावयास शिकतात.

(ई) छडी टाकून द्यावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलास मारणे व त्याचा मानसिक छळ करणे ह्या दोहोंस मनाई केली आहे.

कोणी म्हणेल, भय नसेल तर मुले डोक्यावर बसतील. आमचे उत्तर असे की, शिस्त निराळी व दहशत निराळी. नियम थोडे असावे, ते सर्वांस सारखे असावे, आणि आज एक व उद्या दुसरा असे नसावे. असा नियम मुले आपण होऊन पाळतात. छडीची शिस्त मात्र शिक्षकाची पाठ वळेपर्यंतच टिकते.

३. गावाने काय करावे

मूल शाळेत काही तास असते. बाकीचा दिवस ते गावात असते. चावडीवर बसून मुलांस व्यंगावरून टोपणनावे पाडणे ही थट्टा नव्हे. ती जखम आहे. घरात रोज भांडण ऐकणारे मूल वर्गात शून्यात पाहत बसते. अशा मुलास शेजारच्या आजीने जवळ बसवून "जेवलास का रे?" असे विचारले, तरी त्याला आधार वाटतो. ज्या मुलाची विचारपूस कोणीच करीत नाही, ते हळूहळू शाळेपासून आणि मग माणसांपासूनही दूर जाते. तसे एकही मूल आपल्या वाडीत राहू नये.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या वाडीतील कोणते मूल शाळेत येत नाही, आणि त्याची खरी अडचण काय आहे?

२. ती दूर करण्यास आपण त्याच्या अंगणापर्यंत गेलो आहो काय?

३. ह्या आठवड्यात आपण कोणत्या मुलाची आपुलकीने विचारपूस केली?