मंगळवारची साडी

पुण्यात मी कर सल्लागाराचं काम करतो. लग्न झालेला, एका मुलीचा बाप, मिशी राखलेला माणूस. आठवड्यातले दोन-तीन दिवस मी उंच टाचांचे सँडल घालून ऑफिसला जातो. वर कधी कुर्ता-लेगिंग, कधी लांब स्कर्ट, कधी साडी. मला बाई व्हायचं नाही, बाई आहे असं कुणाला भासवायचंही नाही. हे कपडे मला आवडतात, अंगावर बरे वाटतात, बस. अधूनमधून एखादा मुलगा दबक्या आवाजात फोन करतो, "सर, सुरुवात कशी करायची?" त्याला जे सांगतो ते इथे लिहून काढतोय. क्रम माझ्या सोयीचा आहे.

१. आधी घोटा, मग हौस

पहिल्याच खेपेला पेन्सिल हील घेऊ नये. दोन इंची, रुंद टाचेचा, घोट्याला पट्टा असलेला सँडल घ्यावा. मागून उघड्या चपलेत पाय पुढे सरकतो आणि बोटं चिमटतात. टाच उचलली गेली की अंगाचा बराचसा भार चवड्यावर येतो आणि पोटरी आखडते. म्हणून रात्री भिंतीला हात टेकायचे, एक पाय मागे न्यायचा, टाच जमिनीला दाबायची आणि पोटरी ताणायची. याचा कंटाळा करणाऱ्याने या वाटेला जाऊच नये.

चालताना पुरुषी ढांग विसरायची. पाऊल लहान, गुडघा किंचित सैल, नजर समोर. पडू नये म्हणून नवखा माणूस पुढे झुकून चालतो आणि नेमका त्यामुळेच पडतो. घरातल्या फरशीवर चालता आलं म्हणून हुरळून जाऊ नका. खरी परीक्षा पेठेतल्या फुटपाथवरच्या पेव्हर ब्लॉकची. दोन ब्लॉकांमधल्या फटीत बारीक टाच रुतली की पाय पुढे जातो आणि सँडल मागे राहतो. गटाराच्या जाळीवरून तर जायचंच नाही, वळसा पडला तरी चालेल. टाचेखालचं रबर झिजलं की आतला खिळा फरशीवर टकटक वाजायला लागतो. तो आवाज कानांना छान वाटतो, पण त्याच दिवशी चौकात जाऊन रबर बदलून घ्यावं. ओल्या जिन्यावर खिळा धरून ठेवत नाही.

२. दुकानात पहिल्याच वाक्यात सांगून टाकावं

आपल्याकडच्या दुकानांत बायकांची मापं बहुतेक ४१ ला संपतात. माझा पाय ४३. 'बायकोसाठी हवेत' म्हणून सुटका होत नाही, कारण मग पाय घालून बघता येत नाही आणि घरी आणलेला जोड बिनकामाचा ठरतो. मी सरळ सांगतो, "मला हवेत, माझ्या पायाला." एका दुकानातलं संभाषण असं झालं:

"साहेब, नाटकात आहात का?"

"नाही."

"मग शूटिंग वगैरे?"

"नाही हो. ऑफिसला घालायचेत."

तो जरा थांबला, माझ्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मग ब्लॉक हील बघा, दिवसभर चालेल." त्याने पाच खोकी काढली. एकही बसला नाही. शेवटी त्यानेच मापाचे सँडल शिवून देणाऱ्या कारागिराचा नंबर दिला. विकणाऱ्याला गिऱ्हाईक कळतं. अवघडलेपण असतं ते आपलंच. आपण चाचरलो की तोही चाचरतो.

३. ब्लाऊज शिवूनच घ्यावा

तयार ब्लाऊज पुरुषाला मुंढ्यात काचतो आणि छातीवर फुगतो. आपली पाठ रुंद, खांदे रुंद, पुढे भरायला काही नाही. म्हणून कटोरी नको, प्रिन्सेस कटही नको. टक्स अगदी नावापुरते, मुंढा खोल, आत सुती अस्तर आणि हुक पुढे. माझे शिंपीकाका सत्तरीचे आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी टेप गळ्यातून काढला, छाती, पाठ, मुंढा, दंड अशी मापं घेतली, वहीत लिहिली आणि एकच प्रश्न विचारला, "बाही कोपरापर्यंत की वर?" मी म्हटलं, कोपरापर्यंत. "बरोबर," ते म्हणाले, "दंडावर केस आहेत, वर वाईट दिसेल." एवढी चर्चा झाली. पैसे मात्र बायकांच्या ब्लाऊजपेक्षा पन्नास रुपये जास्त घेतले, कापड जास्त लागतं म्हणून. रास्त आहे.

साडीबद्दल दोन गोष्टी. पुरुषाला कमरेखाली उभार नसतो, त्यामुळे परकर घसरतो. नाडी कमरेच्या हाडावर घट्ट बांधायची आणि परकर सुतीच घ्यायचा. सॅटिनवर निऱ्या टिकत नाहीत. दुसरं, सँडल आधी पायात, मग साडी. साडीची उंची टाचेवर ठरते. अनवाणी नेसून नंतर सँडल घातले तर साडी घोट्यावर चढते आणि पाणी भरायला निघाल्यासारखे दिसता. फॉल-पिको केल्याशिवाय नवी साडी नेसू नये, हे बायका सांगतातच. मीही सांगतो.

४. लोक निमित्त शोधतात

सगळ्यात जास्त मी शिकलो ते इथे. पुरुषाने साडी नेसलेली मराठी माणसाला खटकते, हे खरं नाही. त्याने ती डोक्यावर घेतली आहे. बालगंधर्वांची भामिनी आणि सिंधू पाहायला लोक रात्र-रात्र बसत, आणि त्यांच्या साडीची, अंबाड्याची, गजऱ्याची नक्कल चांगल्या घरच्या बायका करत. दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी नटी मिळेना, म्हणून १९१३ च्या त्या चित्रपटात तारामती झाले अण्णा साळुंके, ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातले स्वयंपाकी. चार वर्षांनी 'लंकादहन'मध्ये रामही तेच आणि सीताही तेच. कोकणात दशावतारातल्या राण्या पुरुषच असतात, गवळणीतली मावशी पुरुष असते. आणि 'अशी ही बनवाबनवी' तर घराघरात पाठ आहे. त्यात दोघांनी साडी का नेसली? पुण्यात भाड्याने खोली मिळावी म्हणून. पुणेकर म्हणून सांगतो, याहून सबळ कारण असू शकत नाही.

हे सगळं चालतं, कारण प्रत्येकाला निमित्त आहे. पडदा पडला की साडी उतरते, याची प्रेक्षकाला खात्री असते. मंगळवारी सकाळी सव्वादहाला एक मिशीवाला माणूस निळी इरकली नेसून जीएसटीचं काम करायला जिना चढतो, तेव्हा त्याच्याकडे निमित्त नसतं, आणि लोकांची पंचाईत होते. मग तेच बिचारे मदतीला धावतात. "गॅदरिंग आहे वाटतं?" "पैज हरलात का?" "नवस?" हो म्हणायचा मोह होतो, कारण हो म्हटलं की दोघंही सुटतात. पण म्हणू नये. आज पैज सांगितली तर गुरुवारी काय सांगणार? "काही नाही, आवडते म्हणून नेसलोय," एवढंच म्हणावं आणि पुढचं बोलणं कामाचं काढावं. तीन-चारदा असं झालं की समोरचा विचारायचं सोडून देतो.

पडदा पडल्यावरही भूमिका अंगाला चिकटते, याची किंमत आपल्याकडे एका माणसाने फार मोजली. गणपत पाटलांनी तमाशापटांत नाच्या असा काही उभा केला की लोकांनी तो त्यांच्या खऱ्या आयुष्याला चिकटवला आणि घरसंसार असलेल्या त्या माणसाची टिंगल केली. बालगंधर्वांना पदवी आणि नाच्याला टवाळी, हा भेद कशातून आला याचा विचार मी बऱ्याचदा करतो. शालीन नायिका झालेला पुरुष आपल्याला थोर वाटतो. बायकी लकबीचा पुरुष मात्र फक्त हसण्यापुरता हवा असतो. बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊस्करांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन चित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं, एक स्त्रीभूमिकेतलं. त्या दुसऱ्या चित्रासमोर हात जोडून उभे राहिलेले एक गृहस्थ वळले, माझ्या सँडलकडे पाहून त्यांनी तोंड वाकडं केलं आणि तिकीटबारीकडे गेले.

५. वडिलांशी वाद फोटो घेऊन घालावा

बाबा म्हणाले, "पुरुषाने टाच कसली घालायची?" मी त्यांच्या लग्नाचा अल्बम आणला. बेलबॉटम, मोठी कॉलर, आणि बेलबॉटमखाली अडीच-तीन इंची जाड टाचेचे बूट. ते आईपेक्षा उंच दिसतात ते त्या बुटांमुळे. "ती तेव्हाची फॅशन होती," बाबा म्हणाले. मी म्हटलं, मग ही आत्ताची माझी.

खरं तर टाच घोडेस्वारांची. इराणी स्वार रिकिबीत पाय अडकवून उभे राहत आणि बाण मारत. पाय सुटू नये म्हणून बुटाला टाच. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ती युरोपात गेली ती पुरुषांच्या पायातून, मर्दानी वस्तू म्हणून. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं रिगोने १७०१ साली रंगवलेलं चित्र बघा: राजा पोटऱ्या दाखवत उभा आहे आणि पायात लाल टाचा. तिकडच्या पुरुषांनी टाच टाकली ती अठराव्या शतकात. काउबॉय बुटाला ती अजून आहे. हे सगळं मी बाबांना ऐकवलं. ते म्हणाले, "तुझ्याकडे घोडा आहे का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही. पण गणपतीच्या मिरवणुकीत बाबा स्वतः कानात मोत्यांची भिकबाळी घालतात, हे मी नोंदवून ठेवलंय.

६. खिसे नसतात

मोबाइल, किल्ल्या, पाकीट, चष्मा. पर्स घ्या. बायका हे पिढ्यान्‌पिढ्या सोसतायत, आपल्याला आठवड्यात वैताग येतो.

७. रांग आपलीच धरावी

मेट्रोत, मॉलमध्ये तपासणीला मी पुरुषांच्या रांगेत उभा राहतो. स्वच्छतागृहही पुरुषांचंच. बायकांच्या डब्यात, बायकांच्या ट्रायल रूममध्ये कधीही जायचं नाही. कपडे बायकी असले म्हणून बायकांची जागा आपली होत नाही. रखवालदार गोंधळतो, "मॅडम... साहेब..." करतो. "दादा, इकडेच," म्हणून हात वर करायचे. साडीत पुरुषांच्या स्वच्छतागृहात जायचं तर आतलं दार असलेली खोली गाठावी, पदर खोचून निऱ्या वर धराव्यात. याहून जास्त तपशील ज्याचा त्याने शोधावा. रात्री उशीर होणार असेल तर पिशवीत सपाट चपला हव्यातच. पळावं लागलं नाही अजून, पण पळता येईल हे माहीत असलं की चालणं सुधारतं.

कोणी "हे बेकायदा आहे" म्हणालं तर घाबरू नये. पुरुषाने साडी नेसू नये असा कायदा आज नाही. एकेकाळी त्याच्या जवळपासचा होता. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात, सरकारदरबारी नोंद झालेला तृतीयपंथी बायकी वेशात किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसला तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद होती. पुढे १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, आणि पोशाखातून स्वतःला व्यक्त करणं हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसतं असंही सांगितलं. तो लढा त्यांनी लढला. फायदा माझ्यासारख्यालाही झाला.

८. आपण घरी जाऊन साडी सोडतो

शिंपीकाकांच्या बाकावर एक तृतीयपंथी ताई भेटल्या. त्यांचा ब्लाऊज तयार होता, माझा व्हायचा होता. मी मोठ्या उत्साहाने माझं सांगत बसलो: रस्त्यावरच्या नजरा, टोमणे, क्लायंट काय म्हणाला. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला जड झालं तर घरी जाऊन शर्ट घालता. मला जड झालं तर मी काय घालू?" रागावून नाही, हुकाची काजं तपासता तपासता. तेव्हापासून धाडसाची भाषा मी बंद केली. माझं ऑफिस माझं आहे, घर माझं आहे, आडनावाला पेठेत ओळख आहे. एक मोठं गिऱ्हाईक सोडून गेलं, तेवढीच झळ. ३१ जुलै जवळ आला की बाकीच्यांना माझ्या पायात काय आहे याच्याशी काही घेणं नसतं. रिटर्न भरलं का, एवढंच विचारतात.

९. घरातले नियम घरातल्यांनी करावेत

बायको म्हणाली, "नेस काय नेसायचं ते. माझ्या कपाटाला हात लावायचा नाही." योग्य आहे, माझ्या खांद्याने तिचे कुर्ते उसवतात. तिच्या माहेरच्या लग्नात मी झब्बा घालतो, कारण तिथे दिवसभर उत्तरं तिला द्यावी लागतात, मला नाही. मुलीला विचारलं, शाळेच्या पालकसभेला काय घालू? ती म्हणाली, "बाबा, टाच नको. तू बाईंपेक्षा खूप उंच दिसतोस, त्या वर बघत बोलतात." साडीबद्दल काही म्हणाली नाही. मी शर्ट-पँट घालूनच गेलो. तिने न मागितलेलं आपण लादू नये.

१०. पावसाळ्यात हट्ट नको

जून लागला की साडी कपाटात. काठ भिजला की रंग सुटतो, ओल्या निऱ्या पायात येतात, आणि चामड्याच्या टाचेचं आठ दिवसांत भजं होतं. मी पँट दुमडतो, रबरी चपला घालतो आणि चिखलातून ऑफिस गाठतो. मग खालचा चहावाला हमखास विचारतो, "काय साहेब, सोडलं का सगळं?"

"नाही रे, पाऊस आहे."